ठाण्यातून व्हेनिस: दमवणारा प्रवासाचा दिवस आणि पोचल्यावरचा शेवटचा टप्पा

व्हेनिसला जाणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींचं प्लॅनिंग विमानतळापर्यंत एकदम पक्कं असतं, व्हिसा, तिकिटं, इन्शुरन्स, युरो, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स फाईलमध्ये लावलेल्या असतात, आणि विमानातून उतरल्यावर खोलीपर्यंत कसं जाणार असं विचारलं की उत्तर येतं, "तिथे बघू, टॅक्सी करू." तर व्हेनिसमध्ये टॅक्सी दारापर्यंत येत नाही. रिक्षा नाही, बस नाही, स्कूटर नाही, जुन्या शहरात सायकल चालवायलासुद्धा बंदी आहे. गाड्यांचा रस्ता पियाझ्झाले रोमा नावाच्या चौकात संपतो आणि तिथून पुढे बोटीने जायचं नाही तर चालत. म्हणजे ठाण्यातून रात्री निघून, अख्खी रात्र आणि अर्धा दिवस प्रवास करून, झोप झालेली नसताना तुम्ही बॅगा घेऊन एखाद्या पुलाच्या पायऱ्यांसमोर उभे असता. बरोबर आई-बाबा असतील किंवा लहान मूल असेल तर अख्ख्या ट्रिपमधला हाच तास सगळ्यात जड जातो. तो सोपा करता येतो, पण घरी बसून, निघायच्या बऱ्याच आधी, तिथे पोचल्यावर फारसं काही हातात राहत नाही. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय, ज्यांना जायचंय त्यांनी सेव्ह करून ठेवा.

राहायची जागा पूल मोजून घ्या

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून आधी. व्हेनिस शंभरावर छोट्या बेटांवर वसलंय, ११८ हा आकडा नेहमी सांगतात, आणि ही बेटं जोडणारे चारशेच्या वर पूल आहेत. कालव्यातून बोटी जायच्या असतात म्हणून पूल मधे उंच आणि दोन्ही बाजूंना पायऱ्या. काही ठिकाणी उतार केलेत पण बहुतेक पुलांना पायऱ्याच. हातात काही नसताना यातला एक पूल म्हणजे काहीच नाही, पण २३ किलोची बॅग उचलून चढायचा, उतरायचा, पन्नास पावलं गेलं की पुढचा चढायचा, असं तीन-चार वेळा झालं की तरुण माणसाचेही खांदे आणि कंबर बोलायला लागतात.

आपण हॉटेल बघताना काय बघतो, रेटिंग, ब्रेकफास्ट आणि "सेंटरपासून किती मीटर". व्हेनिसमध्ये मीटर बघून काही कळत नाही. चारशे मीटर आणि एकही पूल नाही ही जागा दीडशे मीटर आणि तीन पूल या जागेपेक्षा लाख पटीने बरी. आणि गंमत अशी की शेंगेन व्हिसाच्या अर्जाला राहायचं बुकिंग लागतं, म्हणून बरेच जण घाईघाईत जे स्वस्त दिसेल ते बुक करून टाकतात आणि मग तेच कायम राहतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे घाई करायचं कारणच नाही.

मोजायचं कसं ते सांगते. मॅपवर हॉटेल शोधा. मग सगळ्यात जवळचा बोटीचा थांबा शोधा, तिथल्या सार्वजनिक बोटीला वापोरेत्तो म्हणतात आणि मॅपवर तिचे थांबे दिसतात. आता थांब्यापासून दारापर्यंत चालायचा रस्ता काढा आणि झूम करून बघा, ती रेघ निळ्या पट्टीवरून किती वेळा जाते. जितक्या वेळा जाते तितके पूल. गल्ल्यांमधलं स्ट्रीट व्ह्यू पण बऱ्याच ठिकाणी आहे, त्यात पायऱ्या किती आणि गल्ली किती रुंद ते डोळ्यांनी बघून घ्या. शून्य पूल असेल तर डोळे मिटून घ्या, एक असेल तर चालेल, आणि बरोबर साठीच्या पुढची माणसं असतील तर दोनच्या वर जाऊच नका, खोली कितीही सुंदर दिसू दे.

माझ्या आईला गुडघ्यांचा त्रास आहे, त्यामुळे आम्ही सरळ हा एकच निकष लावला आणि बाकी सगळं नंतर बघितलं. उदाहरण म्हणून, सांता लुचिया रेल्वे स्टेशनातून बाहेर पडून डावीकडे लिस्ता दि स्पान्या नावाचा रुंद रस्ता जातो, तिथून गुल्ये पुलापर्यंत मधे एकही पूल नाही. हा भाग गजबजलेला आहे, टुरिस्टी आहे, फोटोतल्यासारखा शांत नाही, पण पोचायच्या दिवशी आणि परतायच्या दिवशी त्याच्यासारखं सुख नाही. शांत हवं असेल तर दोर्सोदुरो भागातला झात्तेरेचा काठ बघा, किंवा मोठ्या कालव्यावरचे (ग्रँड कॅनॉल) सान तोमा, सान स्ताए असे थांबे धरून त्यांच्याच बेटावरची खोली शोधा.

बुक करण्याआधी मालकाला किंवा हॉटेलला मेसेज टाकून तीन गोष्टी विचारा: कुठल्या थांब्यावर उतरायचं, तिथून किती पूल लागतात, आणि इमारतीला लिफ्ट आहे का. तिसरा प्रश्न आपल्याकडे कोणाच्या डोक्यात येत नाही पण तिथली घरं कित्येक शतकं जुनी आहेत, लिफ्ट नसणं हीच तिथे साधी गोष्ट आहे, आणि जिने अरुंद. दोन मजले चढायचे असतील तर ते आधी माहीत असलेलं बरं.

मेस्त्रेबद्दल पण सांगून ठेवते कारण हा घोळ फार होतो. मेस्त्रे हा जमिनीवरचा भाग, तिथे हॉटेलं बरीच स्वस्त, आणि बुकिंग साइटवर "व्हेनिस" म्हणूनच दिसतात. तिथून ट्रेनने दहा-बारा मिनिटांत सांता लुचियाला येता येतं, बस आणि ट्रामही आहे. बजेट असेल तर अजिबात वाईट नाही, पूल नाहीत, गाडी दारात येते. पण समजून उमजून घ्या. तसंच विमानतळाचं, मार्को पोलो हा व्हेनिसचा खरा विमानतळ, आणि स्वस्त युरोपियन एअरलाइन्स ज्याला व्हेनिस म्हणतात तो कधीकधी त्रेव्हिझो असतो, तो बराच लांब आहे, तिथून बसने यायला तासभर तरी जातो.

बॅगा

नियम एकच, आपली बॅग आपल्याला एकट्याने पंधरा पायऱ्या उचलून नेता आली पाहिजे. घरीच करून बघा. सोसायटीच्या जिन्याने भरलेली बॅग घेऊन दोन मजले चढा आणि उतरा, मधे थांबावं लागलं तर सामान काढा. एक मोठी २३ किलोची नेण्यापेक्षा प्रत्येकाची १२-१४ किलोची छोटी बॅग केव्हाही चांगली. आईची बॅग सगळ्यात हलकी, औषधं मात्र केबिन बॅगमध्येच, प्रिस्क्रिप्शनसकट.

केबिन बॅगचं लिमिट आखाती एअरलाइन्सचं साधारण ७ किलो असतं. पॉवर बँक चेक-इनमध्ये चालत नाही, हातातल्या बॅगेत ठेवायची, आणि एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात ती वापरायलाच बंदी केलीय, त्यामुळे फोन आधीच फुल चार्ज करा.

खाण्याचं सांगते. युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला मनाई आहे. म्हणजे पेढे, बर्फी, श्रीखंड, पनीर, तुपाची बरणी, काही नको, कोणी कितीही प्रेमाने दिलं तरी. सुकं खोबरं पण नको, त्यात तेल असतं म्हणून आपल्या विमानतळावरच काढून ठेवतात. भाकरवडी, चिवडा, खाकरा, शेंगदाण्याची कोरडी चटणी हे आरामात जातं. पोचल्या दिवशी संध्याकाळी बाहेर जायचं त्राण नसेल तर याच गोष्टी कामाला येतात म्हणून त्या बॅगेच्या तळाशी नाही, वरच ठेवा. लोणच्याची बाटली न्यायचीच असेल तर चेक-इनमध्ये, दोन पिशव्या घट्ट बांधून.

तिथल्या प्लगला आपला बारीक दोन पिनांचा मोबाईल चार्जर सहसा बसतो, जाड तीन पिनांचा बसत नाही, एक अडॅप्टर घ्या. आणि बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचा इंटरनॅशनल वापर चालू करा, तो आपल्याकडे आपोआप चालू नसतो. टॅप करून पैसे देण्याचं बटण वेगळं असतं, तेही चालू करा. हे ठाण्यात बसून दोन मिनिटांचं काम आहे, तिथे तिकिटाच्या मशीनसमोर ओटीपीची वाट बघत उभं राहणं नको.

तारीख आणि घरून निघणं

मुंबईहून व्हेनिसला थेट विमान नाही, दुबई, दोहा, इस्तंबूल किंवा जर्मनीमार्गे जावं लागतं. यातली बरीच विमानं पहाटे सुटतात. तिकिटावर १५ तारीख, पहाटे ४ असं असेल तर तुम्हाला १४ तारखेच्या रात्री घर सोडायचंय. मोठ्यांना, शेजाऱ्यांना, गाडीवाल्याला सांगताना नेहमी "१४ ची रात्र" असंच सांगा, गाडी बुक करताना तारखेवर दोनदा बोट ठेवून बघा.

दुसरं, आता आपल्याकडे दोन विमानतळ आहेत. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि डिसेंबरच्या शेवटी विमानं सुरू झाली. तिकिटावर बीओएम असेल तर अंधेरीचं, एनएमआय असेल तर उलव्याचं. आंतरराष्ट्रीय प्रवासाच्या आधी कुठून तरी देशातलं कनेक्टिंग विमान घेणार असाल तर हे अजूनच नीट बघा.

ठाण्यातून टी-२ ला, म्हणजे अंधेरीच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलला जायचं तर ईस्टर्न एक्सप्रेस हायवेने खाली येऊन जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, पवई, मग मरोळ, सहार. रात्री दहा-साडेदहानंतर हा रस्ता बऱ्यापैकी मोकळा होतो. पण घोडबंदर रोडवाल्यांनी, म्हणजे कासारवडवली, वाघबीळ, मानपाडा, यांनी तासभर जास्तच धरावा, कारण रात्री अवजड गाड्या सोडल्या की माजिवड्यापर्यंत येतानाच जीव जातो. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस असेल तर सगळ्यांनीच. ऐरोलीवाल्यांना ऐरोली-मुलुंड पूल सोयीचा, वाशी-नेरूळवाल्यांना खाडीपूल ओलांडून मानखुर्द, मग सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड.

विमान दुपारचं असेल तर मेट्रोचा पर्याय आता खरंच चांगला आहे, लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका, आणि मरोळ नाक्याला बदलून मेट्रो ३ ने पुढचंच स्टेशन टी-२. पण पहाटेच्या विमानाला याचा उपयोग नाही आणि लोकलच्या गर्दीत बॅगा घेऊन म्हाताऱ्या माणसांना चढवू नका.

पहाटेचं विमान असेल तर घरातून अकराच्या आत निघा, घरी बसून झोप लागणारच नाहीये. त्यापेक्षा आदल्या दुपारी दोन-तीन तास सगळ्यांनी सक्तीने झोपायचं, पडदे लावून, फोन बंद करून. निरोप द्यायला येणाऱ्या नातेवाइकांना संध्याकाळी सातनंतर बोलवा, दुपारी नाही. ही दुपारची झोप पुढच्या दिवशी पुलावर कामाला येते.

डिजियात्रा, म्हणजे चेहरा दाखवून आत सोडणारं ॲप, देशांतर्गत प्रवासासाठी आहे, इथे चालत नाही. इमिग्रेशनला रांग टाळायची असेल तर सरकारची फास्ट ट्रॅक इमिग्रेशनची योजना मुंबईत जानेवारी २०२५ पासून आहे, आधी नोंदणी करून ठेवावी लागते, वारंवार जाणाऱ्यांनी करूनच टाका. घरातल्या मोठ्यांसाठी व्हीलचेअर मागायला संकोच करू नका, एअरलाइनला किमान दोन दिवस आधी कळवा. आई "मी चालते की" म्हणाली तरी मागवा, चालायची ताकद तिथे गेल्यावर लागणार आहे.

विमानात आणि मधल्या थांब्यावर

मधला थांबा अडीच ते चार तासांचा बघा. दीड तासाचा घेतलात तर पहिलं विमान जरा लेट झालं की पळापळ, आणि आठ तासांचा घेतलात तर तिथेच सगळे गळून जातात. जर्मनीमार्गे जाणार असाल तर युरोपचं इमिग्रेशन तिथेच होतं, त्याला वेळ लागतो म्हणून तीन तास तरी हवेत. आखातातून किंवा इस्तंबूलहून थेट व्हेनिसला आलात तर इमिग्रेशन व्हेनिसमध्ये.

दुसऱ्या विमानात बसलात की घड्याळ लगेच इटलीच्या वेळेवर करा. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर इटली आपल्या साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. झोपायचं असेल तर या विमानाच्या पहिल्या अर्ध्यात झोपा, उतरायच्या दोन तास आधी उठून चहा-कॉफी, तोंड धुवून, मोजे बदलून तयार. पाय सुजतात, तासा-दोन तासाला उठून फेरी मारा. सीट निवडता येत असेल तर उजवीकडची खिडकी घ्या, उतरताना बहुतेक वेळा त्या बाजूला खाली अख्खं व्हेनिस दिसतं, पाण्यात ठेवलेलं, आणि तेवढ्याने सगळ्यांची झोप उडते.

विमानतळावर उतरल्यावर

इमिग्रेशनच्या रांगेत पासपोर्ट, हॉटेल बुकिंग, परतीचं तिकीट आणि इन्शुरन्स हातात, बॅगेत नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात नवीन एंट्री-एक्झिट पद्धत सुरू झालीय, त्यात बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. पहिल्या वेळी रांग हळू सरकते, म्हणून विमानातच टॉयलेटला जाऊन या.

बॅगा आल्या की बाहेर पडायच्या आधी तिथेच दहा मिनिटं बसा. पाणी प्या, सगळ्यांना खाकरा द्या, फोनवर नेट चालू झालंय का बघा, हॉटेलला "उतरलो" असा मेसेज करा, ऑफलाइन मॅप उघडतोय का बघा. मग पुढचा निर्णय घ्या, चार पर्याय आहेत.

सगळ्यात स्वस्त म्हणजे बस. विमानतळाच्या बाहेरच सुटते, वीस-पंचवीस मिनिटांत पियाझ्झाले रोमा, तिकीट १० युरोच्या आसपास, बॅगा खाली डिकीत किंवा आतल्या रॅकमध्ये. खोली स्टेशनच्या जवळ असेल तर हेच घ्या. पण बसमधून उतरून स्टेशनकडे जायला समोरच जो मोठा काचेच्या पायऱ्यांचा पूल दिसतो, २००८ साली झालेला, कालात्रावाने डिझाइन केलेला, त्याच्यावरून बॅगा घेऊन जाऊ नका. तो दिसतो सोपा पण पायऱ्यांची लांबी कमी-जास्त आहे, पावसात घसरतो, आणि तिथे पडण्याचे इतके प्रकार झाले की काचेच्या जागी दगड बसवायचं ठरलं. त्याऐवजी बोटीने एक थांबा, पलीकडे फेर्रोव्हिया, म्हणजे सांता लुचिया स्टेशनचा थांबा.

दुसरा पर्याय अलिलागुना नावाच्या कंपनीची बोट. विमानतळातून झाकलेल्या रस्त्याने सात-दहा मिनिटं चाललं की धक्का येतो. भाडं साधारण १५ ते २० युरो, एक मोठी बॅग त्यातच. ऑरेंज लाइन कान्नारेजो भागातून मोठ्या कालव्यात शिरून रियाल्तो पुलाकडे जाते, ब्लू लाइन मुरानो, फोंदामेंते नोव्हे हे थांबे करत सान मार्को चौकाकडे. वेळ तासभर, सान मार्कोला दीड तासही लागतो. खोली रियाल्तो किंवा सान मार्कोच्या बाजूला असेल तर हीच घ्या, कारण एकदा बसलं की मधे बदलायचं नाही. बोट बुटकी आहे, आत खाली बसायचं, खिडक्या पाण्याच्या पातळीला. खाडीत दोन्ही बाजूंना तीन-तीन लाकडी खांब एकत्र बांधून रोवलेले दिसतात, ते खोल पाण्याचा रस्ता दाखवतात, बाकी ठिकाणी पाणी इतकं उथळ आहे की बोट गाळात बसेल.

तिसरा, वॉटर टॅक्सी, लाकडी चकचकीत बोट. १२० ते १५० युरोच्या पुढेच. महाग आहेच, पण सहा जण असाल, त्यात दोन ज्येष्ठ, आणि हॉटेलला पाण्याच्या बाजूने दार असेल तर माणशी हिशोब करून बघा, ती तुम्हाला पायरीवर नेऊन सोडते आणि एकही पूल लागत नाही. हॉटेलला आधी विचारा, "बोट दारापर्यंत येते का?"

चौथा मेस्त्रेवाल्यांसाठी, सरळ बस किंवा गाडीची टॅक्सी, वीस मिनिटांत दारात.

वापोरेत्तोत बसताना

पियाझ्झाले रोमाहून पुढे मोठ्या कालव्यातून जायला १ नंबर आणि २ नंबर. १ म्हणजे आपली स्लो लोकल, प्रत्येक थांबा घेणार, सान मार्कोला पाऊण तास, आणि २ म्हणजे फास्ट. बॅगा घेऊन पहिल्या दिवशी १ नंबरच बरी, वेळ जास्त पण तुमचा थांबा चुकत नाही. चढायच्या आधी पाटीवर दिशा बघा, एकाच नावाच्या थांब्याला दोन-तीन तरंगते धक्के असतात आणि उलट दिशेची बोट बाजूच्याच धक्क्याला लागते.

तिकीट ७५ मिनिटांचं, साडेनऊ युरो, सहा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. अलिलागुनाला हे तिकीट चालत नाही, ती वेगळी कंपनी. तिकीट काढून खिशात टाकलं असं करायचं नाही, धक्क्यावर शिरताना पांढरं मशीन असतं त्याला तिकिटाचं कार्ड लावायचं, बीप आणि हिरवा दिवा आला पाहिजे, प्रत्येकाने स्वतःचं. तिकीट असून लावलं नाही तरी दंड होतो. भाडी बदलत असतात, निघायच्या आठवड्यात एकदा साइटवर बघून घ्या.

धक्का स्वतःच पाण्यावर तरंगतो, त्यामुळे बोट येऊन लागली की पायाखाली हलतो. घाबरायचं नाही पण आईचा हात धरा. बोटीवर एक माणूस असतो, तो हातातला जाड दोर धक्क्यावरच्या लोखंडी खुंट्याला दोन वेढे मारून आवळतो, बोट करकरत धक्क्याला चिकटते आणि मग तो मधला कठडा सरकवतो. आधी उतरणारे उतरतात, मग चढायचं. तो कठडा सरकवेपर्यंत बॅग पुढे ढकलू नका. बॅगा चढल्या-चढल्या मधल्या मोकळ्या जागेत, ड्रायव्हरच्या केबिनपाशी ठेवायच्या आणि एकाने तिथेच उभं राहायचं, बाकीच्यांना, विशेषतः मोठ्यांना, आत खुर्चीवर बसवा. पाठीवरच्या सॅक काढून हातात घ्या, तिथे तसाच नियम आहे आणि पाकीटमारीपासूनही बचाव.

थांब्यापासून दारापर्यंत

इथला पत्ता वाचायची पद्धत वेगळी. शहराचे सहा भाग आहेत, कान्नारेजो, कास्तेल्लो, सान मार्को, दोर्सोदुरो, सान पोलो, सांता क्रोचे, आणि घरांना नंबर गल्लीप्रमाणे नाही तर अख्ख्या भागाला एकच मालिका. म्हणजे पत्ता नुसता "कास्तेल्लो ४ हजार अमुक" एवढाच असू शकतो आणि शेजारच्या गल्लीत नंबर शेकड्याने उडी मारतो. शिवाय गल्ल्या इतक्या अरुंद, दोन्ही बाजूंना उंच भिंती, की मॅपवरचा निळा ठिपका भलत्याच गल्लीत दाखवतो. म्हणून गल्लीचं नावही मागून घ्या, आणि थांब्यापासून दारापर्यंतचे फोटो मालकाकडून व्हॉट्सॲपवर मागवून घ्या. बरेच जण पाठवतात.

दार पहिल्यांदा शोधताना सगळी वरात घेऊन फिरू नका. मोठ्यांना आणि बॅगांना थांब्याजवळच्या चौकात बाकावर बसवा, एकाने रिकाम्या हाताने जाऊन दार, पूल, जिना बघून यायचं, मग सगळ्यांनी निघायचं. दहा मिनिटं जातात पण चुकीच्या पुलावर बॅगा चढवून परत उतरवाव्या लागत नाहीत. पुलावर बॅगा नेताना दोघांनी मिळून एक बॅग, एक वर एक खाली, आणि पुलाच्या मधोमध थांबून फोटो काढू नका, मागे तिथले रहिवासी असतात, कामावरून घरी चाललेले, त्यांनाही याच पायऱ्या.

खोली तयार नसेल आणि दोन-तीन तास काढायचे असतील तर सांता लुचिया स्टेशनात आणि पियाझ्झाले रोमाला सामान ठेवायची सोय आहे. पियाझ्झाले रोमापाशी हमालही मिळतात, बॅगेमागे भाव आधी ठरवून घ्या.

चेक-इनला सगळ्यांचे पासपोर्ट मागतात, ते तिथला कायदाच आहे. मुक्कामाचा कर माणशी दर रात्री काही युरो, पहिल्या पाच रात्रींपर्यंत, बऱ्याचदा रोख मागतात म्हणून थोडे सुटे ठेवा. २०२४ पासून काही ठराविक दिवशी शहरात यायची वेगळी फी आहे, पण ती दिवसभरापुरतं येणाऱ्यांना. मुक्कामाला असणाऱ्यांना, मेस्त्रेतल्यांनाही, माफ आहे, फक्त तुमचे दिवस त्यात येत असतील तर शहराच्या पोर्टलवर आधी सूट नोंदवून क्यूआर कोड घेऊन ठेवा.

ऑक्टोबर ते जानेवारीत जात असाल तर भरतीचं पाणी गल्ल्यांमध्ये शिरू शकतं. १२ नोव्हेंबर २०१९ ला १८७ सेंटिमीटरपर्यंत चढलं होतं. ऑक्टोबर २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी मोझे नावाचे दरवाजे वर येऊन मोठी भरती अडवतात, त्यामुळे आता पूर्वीसारखं होत नाही, पण सान मार्कोचा चौक सगळ्यात सखल, दरवाजे वर करावे लागत नाहीत एवढ्या छोट्या भरतीतही तिथे पाणी येतं. त्या महिन्यांत पोचत असाल तर त्या दिवसाचा भरतीचा अंदाज बघून घ्या आणि हॉटेलला विचारा.

पहिली संध्याकाळ

आंघोळ करा, पण पलंगावर आडवं होऊ नका. "पाच मिनिटं पडते" म्हणून पडलेला माणूस रात्री एकला जागा होतो आणि मग सकाळपर्यंत छताकडे बघत बसतो. उन्हाळ्यात तिथे जवळजवळ नऊपर्यंत उजेड असतो, त्या उजेडात तासभर रिकाम्या हाताने, कुठलंही ठिकाण न ठरवता, घराभोवतीच फिरा. हरवायची भीती नको, भिंतींवर रियाल्तो, सान मार्को, स्टेशन अशा दिशांच्या पिवळ्या पाट्या असतात. जाताना रिकामी बाटली घ्या, चौकाचौकात नळ आहेत, पाणी पिण्याचं आहे आणि फुकट.

जेवण लवकर उरका, सातला बऱ्याच ठिकाणी किचन सुरू होतं. शाकाहारींसाठी पिझ्झा मार्गेरिता, टोमॅटोचा साधा पास्ता कुठेही मिळतो. जे कडक पाळतात त्यांनी लक्षात ठेवा की पार्मेजान चीजमध्ये प्राण्याचं रेनेट (दूध फाडायला वासराच्या पोटातून काढलेला पदार्थ) असतं, "चीज नको" सांगा, मारिनारा पिझ्झ्यात तर चीज नसतंच. बिलात माणशी कोपेर्तो, म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार म्हणून एक-दोन युरो किंवा थोडे जास्त लागतात, ती फसवणूक नाही, मेनूवर लिहिलेलं असतं. बसून जेवायचं त्राण नसेल तर सुपरमार्केटमधून दही, फळं, ब्रेड आणा, पियाझ्झाले रोमापाशीच कूप आहे, आणि कान्नारेजोत राहणाऱ्यांनी जुन्या तेआत्रो इतालियामधल्या देस्पार सुपरमार्केटमध्ये जाच, जुन्या थिएटरच्या रंगवलेल्या छताखाली भाजीचे रॅक लावलेत, आईला तर दुधापेक्षा ते छतच जास्त आवडलं. सान मार्कोच्या पायऱ्यांवर बसून मात्र खाऊ नका, दंड आहे. कबुतरांना दाणे टाकायलाही बंदी आहे, हे मोठ्यांना आधीच सांगून ठेवा, आपल्याकडच्या सवयीने हात जातो.

नऊ-साडेनऊला झोपा. आपल्या घड्याळात तेव्हा रात्रीचा एक वाजलेला असतो, झोप लागतेच. पहाटे पाचला जाग आली तर उठून बाहेर पडा, त्या वेळी सामान पोचवणाऱ्या बोटी येत असतात, भाजी, पाण्याच्या बाटल्या, धुतलेल्या चादरींचे गठ्ठे, सगळं बोटीतून उतरवून हातगाडीवर चढतं आणि तीच माणसं ती गाडी पुलाच्या पायऱ्यांवरून पुढची चाकं टेकवत चढवतात. ते बघितलं की शहर कसं चालतं ते कळतं.

आणि वापोरेत्तोच्या पासचं. २४ तासांचा २५ युरो, ७२ तासांचा ४५ युरो, असे पास आहेत, त्याचे तास पहिल्यांदा मशीनला लावल्यापासून मोजतात. म्हणून पोचल्या दिवशी एकेरी तिकीट काढा आणि पास दुसऱ्या दिवशी सकाळी, फिरायला निघताना सुरू करा. ७२ तासांत परतीची वेळ बसत असेल तर पियाझ्झाले रोमापर्यंतचा शेवटचा बोटीचा प्रवासही त्यातच होतो. विमानतळाची बस त्यात नसते, तिचं तिकीट वेगळं, पास घेताना जोडून मागता येतं.